गिटार अर्धा सूर का उतरवतात, आणि उतरवल्यावर तार का फडफडते

कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रुपमध्ये वाजवणाऱ्याने विचारलंय: "बरेच गिटारवादक गिटार अर्धा सूर खाली लावतात. कुणी फक्त सहावी तार उतरवतं, कुणी सगळी गिटारच वेगळ्या सुरांत लावतं. कॅपो असताना हे कशाला? आमच्या गायकाला सोयीचं व्हावं म्हणून मी ॲकॉस्टिकच्या सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या, तर सहावी तार फडफडायला लागली आणि कॉर्ड्स नीट धरूनही बेसूर येतात. गणपतीत मंडळासमोर कार्यक्रम आहे. गिटार खराब आहे का?"

गिटार बहुधा खराब नाही. तिच्यावरचा ताण कमी झालाय आणि बाकी सगळं आधीच्या ताणाच्या हिशेबाने तसंच राहिलंय. प्रश्नात दोन गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत: सूर उतरवायचा कशासाठी, आणि उतरवल्यावर वाद्याचं काय होतं. पहिलीचं उत्तर माणसागणिक बदलतं. दुसरीचं बदलत नाही, ते तारेच्या गणितात आहे. काम अडतं ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या ठिकाणी, आणि मग "हे ट्यूनिंगच फालतू" म्हणून खापर पहिलीवर फुटतं.

सगळ्यात साधं कारण गळा. गिटारच्या सरावाच्या गाण्यांत ई मेजर वारंवार येतो, कारण त्यात सहाही तारा छेडता येतात आणि सगळ्यात जाड तारेवरच सा मिळतो. पेटीच्या भाषेत ही पांढरी तीन. अंतऱ्यात गायक तार सप्तकात गेला की नेमक्या एका सुरावर आवाज फाटतो, आणि तोच सूर काळी दोनमध्ये सहज लागतो. गायकाला पट्टी हवी काळी दोन, गिटारवाल्याला बोटं हवीत ई मेजरची. सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या की दोघांचं भागतं. जिमी हेंड्रिक्स, स्टीव्ही रे वॉन हे गिटारवादक गिटार बऱ्याचदा अशीच लावत. वॉन तर त्यावर 13 गेजच्या (म्हणजे सगळ्यात बारीक तारही 0.013 इंचाची) जाडजूड तारा चढवून वाजवायचा. त्याचं कारण पुढे येईल.

आता कॅपोचं. कॅपो म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा; तो सगळ्या तारा एका फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकदम दाबतो, म्हणून सूर फक्त चढवतो. काळी दोन हवी असेल तर डी मेजरच्या आकारात पहिल्या फ्रेटला कॅपो लावा, किंवा सी मेजरच्या आकारात तिसऱ्या फ्रेटला. दोन्हीकडे पट्टी बरोबर येते. (अकराव्या फ्रेटला कॅपो लावूनही अर्धा सूर खाली गेल्याचं समाधान मिळतं, फक्त आवाज मेंडोलिनचा येतो.) पण डीच्या आकारात वाजवणं चौथ्या तारेपासून सुरू होतं. खालचा जाड सा गेला. ज्या गाण्याची सुरुवातीची फ्रेज सहाव्या मोकळ्या तारेवर बांधलेली आहे, ते गाणं डीच्या आकारात वाजवून बघा. सूर बरोबर असतील आणि गाणं हरवलेलं असेल. नुसती रिदम धरायची असेल तर मात्र कॅपोच घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि बाकी कशालाही हात लावावा लागत नाही.

दुसरं कारण हात. तार ढिली झाली की दाबायला आणि ओढायला हलकी होते. इलेक्ट्रिकवर मींडेसारखं तार ओढून एक सूर चढवायचा तर अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर बोटाला फरक कळतो. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडच्या टोनी आयोमी या वादकाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात नेमका तोच. त्याने हलक्या तारा वापरल्या आणि पुढे 1971 च्या सुमारास गिटार दीड सूर खाली, म्हणजे सहावी तार ईवरून सी शार्पवर आणली. गायिका जोनी मिचेलचंही तसंच. लहानपणीच्या पोलिओने डावा हात कमकुवत झालेला, नेहमीच्या कॉर्ड्स अवघड जायच्या, म्हणून तिने बोटांना झेपतील अशी स्वतःची ट्यूनिंग्ज बनवली, तीही डझनांनी. हाताची अडचण सोडवायला निघालेल्या या दोघांना वाटेत नवा आवाज सापडला, आणि लोकांनी नंतर फक्त आवाजाची नक्कल केली. मेटल वाजवणाऱ्या पोरांना सी शार्पचं ट्यूनिंग का, असं विचारलं तर 'जड वाटतं' एवढंच सांगतात. तेही कारणच आहे, नाही असं नाही.

फक्त सहावी तार ईवरून डीवर, म्हणजे एक सूर उतरवतात त्याला ड्रॉप डी म्हणतात. खालच्या तीन तारा आता डी, ए, डी. आपल्या भाषेत सा, प, सा. एक बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि पची कॉर्ड) तयार, आणि तेच बोट वरखाली सरकवलं की कॉर्ड्स बदलतात; म्हणून जोरकस रिदमवाल्यांना हे आवडतं. नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर डीमधल्या रचनांना हेच करतात, तिथे कारण वेगळं: खाली एक खोल खर्ज मिळतो. मोबदल्यात सहाव्या तारेवरचे सगळे सूर दोन फ्रेट पुढे सरकतात. जी मेजर धरताना तिसऱ्या फ्रेटवर जाणारं बोट आता पाचव्यावर हवं. हे विसरून पहिल्याच गाण्यात फसणारे खूप.

याच्या पुढची पायरी म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की आख्खी कॉर्ड किंवा एखादा स्वरसमूह वाजेल असं ट्यूनिंग. हे विदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर तंबोऱ्याकडे बघा. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात तंबोरा कसा लावतात हे सांगायला नको: एरवी पहिली तार पंचमाची, मालकंस असेल तर तीच मध्यमाची, मारवा किंवा पूरियाला निषादाची. राग बदलला की मोकळ्या तारा बदलायच्या, हा विचार आपल्याकडे रोजचा आहे. गिटारवर तोच विचार बोटांच्या सोयीसाठी केला जातो.

ओपन डी म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. सा प सा ग प सा. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक सूर खाली, तिसरी अर्धा सूर खाली, पाचवी-चौथी जागच्या जागी. एक बोट पाचव्या फ्रेटवर आडवं टाकलं की जी मेजर, सातव्यावर ए मेजर. काचेची किंवा धातूची नळी घालून स्लाइड वाजवणाऱ्यांना हे लागतंच, कारण नळी सरळ असते, तिला बोटांसारखं वाकडंतिकडं होता येत नाही. गिटार मांडीवर आडवी ठेवून राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट यांच्याही वाद्यात तारा रागाच्या सा-प-मच्या हिशेबानेच लागतात. ओपन जी म्हणजे डी, जी, डी, जी, बी, डी. इथे सा पाचव्या तारेवर, आणि सहावी तार पंचमाची उरते. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स ती सहावी तार काढूनच टाकतो, पाच तारांवर वाजवतो.

ओपन डीचा तोटा असा की त्यात शुद्ध गांधार पक्का बसलेला. मायनर कॉर्ड हवी असेल तर तो गांधार आड येतो. त्यावरचा उपाय डी, ए, डी, जी, ए, डी, म्हणजे सा प सा म प सा. गांधारच काढून टाकला, जागी मध्यम ठेवला. मग मेजर म्हणा, मायनर म्हणा, दोन्हीकडे चालतं. हे ट्यूनिंग 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहमने रुळवलं. भजन, अभंग, लोकगीतं यांना साथ करताना मागे तंबोऱ्यासारखी आस धरायची असेल तर मी सर्वांत आधी हेच सुचवतो. आणखी एक सोय: हेच ट्यूनिंग आख्खं अर्धा सूर उतरवलं की सा काळी एकवर येतो, जी बऱ्याच पुरुष गायकांची पट्टी. फक्त मालकंसाच्या अंगाचं काही असेल तर इथेही पंचम नडतो. पाचवी तार आणखी एक सूर खाली नेऊन मध्यम करा आणि दुसरी न छेडता सोडा.

ओपन डी लावताना एक गोष्ट हमखास खटकते. ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या दिसतात, तरी छेडल्यावर कॉर्ड किंचित कडवट वाटते. कान खोटं बोलत नाहीत. ट्यूनरचा गांधार हा पेटीचा, समान भागांचा गांधार. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो गांधार त्याच्यापेक्षा साधारण 14 सेंट उतरलेला असतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. हे कानाने असं लावा: चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या जरा अलीकडे बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटीसारखा बारीक सूर) काढा, आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या बरोबर वर दुसरं. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साधारण सहा वेळा 'वँव-वँव' असं हेलकावणं ऐकू येईल. एक 734 हर्ट्झ, दुसरं 740, मधला फरक तेवढे हेलकावे. तिसरी तार अगदी थोडी थोडी उतरवत जा. हेलकावे मंद होतील, लांबतील आणि एका जागी थांबतील. आता सहाही तारा एकदम छेडा. कॉर्ड जमिनीवर ठेवलेल्या कळशीसारखी स्थिर बसलेली कळेल.

पण ही चैन मोकळ्या तारा, आडवं बोट किंवा स्लाइड एवढ्यापुरतीच. त्याच तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट दाबून पंचम काढायला गेलात तर तोही 14 सेंट उतरलेला येईल आणि शेजारच्या तारेवरच्या पंचमाशी भांडेल. त्या तारेवर सूर वाजवायचे असतील तर पाच-सात सेंटवर तडजोड करा.

आता फडफडीकडे वळू. तारेचा ताण सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून सूर थोडा उतरला तरी ताण जास्त उतरतो. सहावी तार ईला 82.4 हर्ट्झवर असते, अर्धा सूर खाली 77.8 वर. हा फरक जेमतेम साडेपाच टक्के. ताण मात्र 11 टक्के कमी होतो. एक सूर उतरवलात तर 21 टक्के, दोन सूर उतरवलात तर 37 टक्के. 12 गेजच्या ॲकॉस्टिक सेटचा सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या घरात असतो. अर्धा सूर उतरवला म्हणजे नेकवरून (गिटारच्या दांडीवरून) सात-आठ किलोचं ओझं काढलंत.

हे ओझं काढल्यावर एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. तार ढिली झाल्याने तेवढ्याच जोराने छेडली तरी जास्त रुंद हेलकावते. आणि नेक, जी आतापर्यंत तारांच्या ओढीने किंचित पुढे वाकलेली होती, ती आतल्या ट्रस रॉडच्या (नेकला सरळ धरणाऱ्या धातूच्या सळईच्या) जोराने सरळ होते. म्हणजे तारेला हेलकावायला जास्त जागा हवी झाली आणि नेमकी तेव्हाच जागा कमी झाली. फडफडणार नाही तर काय होईल?

फडफड नेमकी कुठे आहे यावरून दोष कळतो. फक्त मोकळी तार फडफडत असेल आणि पहिला फ्रेट दाबला की थांबत असेल, तर नटची (नेकच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची) खाच खोल गेलेली आहे. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत फडफडत असेल तर नेक जास्त सरळ झाली आहे. सूर उतरवल्यानंतर सुरू झालेली फडफड बहुतेक वेळा हीच असते. बाराव्याच्या पुढेच असेल तर ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) कमी आहे किंवा तिथला एखादा फ्रेट उचललाय. सगळीकडेच असेल तर ॲक्शनच खाली आहे. आणि एकाच फ्रेटवर असेल तर ट्यूनिंगचा संबंध नाही, त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. ही तपासणी करताना नेहमीपेक्षा हळू छेडा. जोरात झोडपल्यावर चांगल्या गिटारीही फडफडतात.

नेक मोजायची सोपी रीत: पहिल्या फ्रेटला कॅपो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा, आणि सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यांच्यात किती फट आहे ते बघा. 0.2 ते 0.3 मिमी हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड तिथे तार न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे. तार फ्रेटला चिकटलेलीच असेल तर ट्रस रॉड सैल करायचा: ॲलन की घड्याळाच्या उलट दिशेने एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. तारा पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, परत मोजा. एकूण पाव फेऱ्यात काम होत नसेल किंवा की फिरायला अडत असेल तर तिथेच थांबून कारागिराकडे न्या. ट्रस रॉड मोडला की ती गिटार दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तर त्याला हातही लावू नका.

कॉर्ड्स बेसूर का येतात याचंही मूळ ताणातच आहे. तार फ्रेटवर दाबली की ती थोडी ताणली जातेच. ढिल्या तारेत ती वाढ प्रमाणाने मोठी ठरते आणि सूर जास्त चढतो. त्यातून पकड घट्ट असेल, फ्रेट उंच असतील, तर ई मेजरमधला तिसऱ्या तारेवरचा सूर सरळ चढलेला ऐकू येतो. बोटाचा दाब कमी करून तीच कॉर्ड पुन्हा धरून बघा. जोरात छेडल्यावर पहिल्या क्षणी सूर चढून मग खाली बसतो, हेही ढिल्या तारेतच जास्त होतं. दाब कमी करूनही बेसूर असेल तर बारावा फ्रेट तपासा: तिथला हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा येत असेल तर इलेक्ट्रिकवर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा, उतरलेला येत असेल तर पुढे. ॲकॉस्टिकचं सॅडल पक्कं असल्याने तिथे ही सोय नाही. जुन्या, गंजलेल्या तारांवर हे तपासण्यात अर्थ नाही; आधी तारा बदला.

फडफड आणि बेसूरपणा दोन्हींवर मुळातला इलाज जाड तारा. सूर उतरवून ताण तोच ठेवायचा तर अर्ध्या सुराला तार साधारण 6 टक्के जाड हवी, एका सुराला 12 टक्के. तुमच्या ॲकॉस्टिकवर 12-53 चा सेट (सगळ्यात बारीक तार 12, सगळ्यात जाड 53) असेल तर अर्धा सूर खाली 13-56 घाला, हिशेब जवळजवळ तंतोतंत बसतो. इलेक्ट्रिकवर 9-42 असेल आणि एक सूर उतरवायचा असेल तर 10-46. 10-46 असेल तर 11-52. वॉनच्या 13 गेजच्या तारांचं रहस्य हेच, अर्थात त्याच्या बोटांची ताकदही हिशेबात धरा. आणि ड्रॉप डीसाठी सगळा सेट बदलायची गरज नाही, एकट्या सहाव्या तारेचं गेज वाढवलं तरी पुरतं. गिटारचं स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी, तेही मोजा: साडेपंचवीस इंची स्केलवर जो ताण असतो तो पावणेपंचवीस इंची स्केलवर 6 टक्के कमी असतो. म्हणून आखूड स्केलची गिटार खाली उतरवल्यावर लवकर लोळते.

जाड तारेबरोबर नटची कटकट येते. खाच जुन्या तारेच्या मापाची, नवी तार तिच्यात रुतून बसते. ट्यून करताना खुंटी फिरवताय, ट्यूनरचा काटा हलत नाही, हलत नाही, आणि एकदम 'टक्' होऊन सूर उडी मारतो, हे त्याचं लक्षण. तार आणि खाच यांच्यात मऊ शिसपेन्सिलीचा थोडा चुरा घाला. तरीही 'टक्' राहिलं तर खाच योग्य मापाच्या नट-फाइलने रुंद करून घ्या, खोल नव्हे. घरातल्या करवतीच्या पात्याने कुणी करत असेल तर त्याच्याकडे देऊ नका.

तरंगत्या ट्रेमोलोची (ज्यात दांडी हलवून ब्रिजच वरखाली करता येतो अशी) इलेक्ट्रिक असेल तर वेगवेगळी ट्यूनिंग्ज विसरा. तिथे तारांचा ताण मागच्या स्प्रिंगांनी तोललेला असतो. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. एकाच ट्यूनिंगला सेट करून ठेवायची, बस.

तार उतरवायची पद्धतही महत्त्वाची. ट्यूनर क्रोमॅटिकवर ठेवा. 'गिटार' मोडमध्ये तो तुम्हाला ओढून ईवरच आणेल. ए बरोबर 440 आहे ना तेही बघा, क्लिप ट्यूनरचं बटण चुकून दाबलं जाऊन 438 झालेलं असतं आणि आख्खा ग्रुप एकमेकांवर संशय घेतो. हव्या सुराच्या खाली जाऊन मग वर चढत सुरात या. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीच्या दात्यातला सैलपणा तसाच राहतो आणि दोन गाण्यांत तार उतरते. सहावीपासून पहिलीपर्यंत एक फेरी झाली की ट्यूनरवर क्रमाने दिसायला हवं: डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प. पहिल्या फेरीनंतर सहावी परत बघा, ती चढलेली असेल. नेक सैल होत गेली तशी आधी लावलेली तार घट्ट झाली. तीन फेऱ्या लागतात. मग बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तार हलकेच बाहेर ओढून सोडा, दहा मिनिटं थांबा, शेवटची फेरी करा. ओपन ई किंवा ओपन ए अशी तारा चढवणारी ट्यूनिंग्ज ॲकॉस्टिकवर टाळाच. ओपन डीवर दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावला की ओपन ई, ओपन जीवर लावला की ओपन ए. तार तुटायची आणि ब्रिज उखडायची भीती नाही.

कार्यक्रमात खरा घोळ होतो तो बोलण्यात. गिटार अर्धा सूर खाली असताना तुम्ही 'ई धर' म्हणालात की बेसवाला आणि कीबोर्डवाला खराखुरा ई वाजवणार. बेसही अर्धा सूर उतरवून घ्या, कीबोर्डवर ट्रान्स्पोज उणे एक करा, म्हणजे तुमची तिघांची भाषा एक होईल. पण बासरीवाला आणि तबलजी त्या भाषेत नाहीत. म्हणून गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यासमोर पट्टी लिहा: 'काळी दोन', 'पांढरी सहा'. पट्टीचं नाव सगळ्यांसाठी एकच. बासरीवाल्याला वेगळी बासरी आणावी लागेल, तबलजीला गट्टे ठोकून तबला नव्या सुरावर आणावा लागेल किंवा दुसरा आणावा लागेल, म्हणून ही यादी त्यांना आठवडाभर आधी द्या. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट असेल तर उलट ते खूश होतील. काळी दोन आणि काळी पाच या त्यांच्या हातातल्या पट्ट्या.

आणि पाऊस. भाद्रपदातली आपल्याकडची हवा ओली, मंडप त्याहून ओला. लाकूड पाणी धरतं, ॲकॉस्टिकची वरची फळी किंचित फुगते आणि ॲक्शन उचलली जाते. त्यामुळे आत्ता फडफड जेवढी आहे ती कदाचित खरी असेल त्यापेक्षा कमी दिसत असेल. मार्चमध्ये हवा कोरडी झाली की ती वाढेल, तेव्हा ट्रस रॉड परत बघायचा. नव्या तारा कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी घाला, आणि गिटार गाडीतून थेट स्टेजवर न नेता मंडपात अर्धा तास पिशवीबाहेर ठेवून मगच ट्यून करा.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. 13-56 चा सेट, नटला पेन्सिल, नेक मोजून लागला तरच अष्टमांश फेरा, आणि आख्खा कार्यक्रम अर्धा सूर खालीच. यादीत दोन-चार गाणी मूळ पट्टीतच हवी असतील तर गिटार पुन्हा चढवत बसू नका. पहिल्या फ्रेटला कॅपो लावला की तुम्ही नेहमीच्या ट्यूनिंगवर परत आलात. कॅपो लावल्यावर एकदा सहावी आणि तिसरी तार तपासा, जाड तारांवर घट्ट कॅपो सूर चार-पाच सेंट चढवतो. गणपती झाल्यावरही गिटार तशीच राहू द्या. नेकला एकदा तो ताण सवयीचा झाला की दर आठवड्याला वरखाली करण्यापेक्षा सोबत कॅपो बाळगणं तिला मानवतं.